लिपलेल्या भिंती

मालकिणीनं बादलीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "यात पानी कोनं कालवलं?"

नळीवाला शामराव बाजूला झाला. मीच म्हणालो, "म्या कालवलं, मालकीणबाई. औषध हाय ते. डीडीटी."

"औषध हाय ते दिसून राह्यलं मले. हात कोनाचा लागला ते इचारते."

हात माझाच होता. कोपरापर्यंत पांढरा. अंगात सरकारी खाकी सदरा होता, पण मी महारपुऱ्यातल्या कोणाचा भाचा, हे गावाला माहीत होतं. मालकीण आत गेली आणि लोटा घेऊन आली. लोट्यात गोमूत्र. आंब्याच्या डहाळीनं तिनं आधी बादलीवर शिंपडलं. मग पंपावर. मग रबरी नळीवर, पार टोकापर्यंत. मग माझ्यावर. तोंडावर शिंतोडे आले. हाताला विषारी पूड होती, त्यामुळे तोंड पुसता येईना. मी तसाच उभा राहिलो. दारात मालगुजाराची नात उभी होती, सहा-एक वर्षांची. ती विचारत होती, "आजी, यानं ढेकूण मरते का?"

"करा आता तुमचं काम," मालकीण म्हणाली.

मी पंपावर पाय ठेवला आणि दांडा मारायला लागलो. मला राग आला होता असं आज लिहिणं सोपं आहे. राग आला नव्हता. भीती वाटली होती. काही बोललो तर नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं.

ही धर्मांतराच्या आदल्या वर्षाची गोष्ट. पुलगावच्या बाजूला, नाचणगावच्या पलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं माझी माणसं अजून राहतात. मी नालवाडीकडचा. सातवी पास होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो. तेवढ्यात सरकारनं हिवताप घालवायचा म्हणून पथकं काढली आणि मला मलेरियाच्या पथकात घेतलं. आमच्या घरात खाकी सदरा पहिल्यांदा आला. माय आठ दिवस गल्लीभर सांगत होती, "माहा पोरगा सरकारात हाय."

पंपाचं काम दोघांचं. एकानं बादलीत पूड कालवायची, पंप बादलीत उभा करायचा, बाहेरच्या पट्टीवर पाय दाबून दांडा मारायचा. दुसऱ्यानं लांब नळी घेऊन घरात जायचं आणि भिंतींवर फवारायचं. वरून हुकूम होता की एकही खोली सोडायची नाही. स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, गोठा नाही. डास देवघरातही बसतो. आमच्या इन्स्पेक्टरनं त्यावर युक्ती काढली. बादलीशी मी, अंगणात. नळीशी शामराव, आत. शामराव त्याच गावचा कुणबी, हंगामापुरता घेतलेला, चाळिशीतला माणूस. मी त्याला दादा म्हणत होतो. इन्स्पेक्टर खूश होता. सरकारचं काम झालं, गावाचा धर्मही राहिला. फक्त औषध कोणाच्या हातचं आहे, हे तो विसरला. गाव विसरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालगुजाराच्या घरावरून जात होतो. गावाचा सारा गोळा करायची मालगुजारी कायद्यानं गेली होती, मालगुजार मात्र होता तिथंच होता. अंगणात शेणामातीचा मोठा ढीग. चार बाया घमेली भरभरून आत नेत होत्या. घर लिपणं चाललं होतं. वरपासून खालपर्यंत, सगळ्या भिंती. ज्या भिंतींवर मी काल तासभर दांडा मारून औषध चढवलं, त्यांच्यावर बोटभर शेणमाती.

आम्हाला शिकवलं होतं की औषध भिंतीवर उघडं राहिलं पाहिजे. डास त्यावर बसला तर मरतो. वर मातीचा थर आला की औषध फुकट गेलं. मी तिथंच थांबलो. एका बाईनं मला पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

मालगुजाराच्या घरी जे होतं ते गावात होतं. तीन दिवसांत सगळं गाव लिपून निघालं. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, कुठलाही सण नसताना. विटाळ धुऊन निघाला म्हणून बाया एकमेकींना सांगत होत्या. आमच्या कानावर पडावं इतक्या मोठ्यानं.

इन्स्पेक्टर शाळेत उतरला होता. मी जाऊन सांगितलं, "साहेब, लोकाइनं भिती लिपून टाकल्या."

"लिपल्या तर लिपल्या. बायका सणासुदीला लिपतातच."

"सण लय दूर हाय साहेब."

"तू फवारतोस की पंचांग बघतोस?"

पथकातले बाकीचे हसले. मीही हसलो. त्याच्यासमोर टेबलावर घरोघरच्या फवारणीची नोंद करायची कार्डं होती. माझ्यासमोर तो एकेक कार्ड भरत होता. सर्व खोल्या, फवारणी पूर्ण, खाली सही. मी पाहिलं आणि बाहेर आलो. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोललो नाही, आणि हे मी माझ्या नावावर मांडून ठेवलंय.

महारपुऱ्यात मात्र मी स्वतः आत जाऊन फवारलं. तिथं मला कोण अडवणार? घरोघर सांगितलं की दिवाळीपर्यंत भिंतीला हात लावू नका. माझी आत्या तिथंच राहायची, ती कुरकुरली. "घराची कळाच गेली ना बापा. भुताटकीवानी पांढरं दिसून राह्यलं." पण ढेकूण पटापट मरायला लागले तशी ती गप्प बसली. दोन मांजरी मेल्या, त्याबद्दल तिनं मला अजून माफ केलेलं नाही. भिंती मात्र कोणी लिपल्या नाहीत.

पाऊस सरता सरता गावात हिवताप आला. घरटी दोन-दोन माणसं गोधडीखाली कुडकुडत पडली. कापसाच्या शेतात निंदायला बाया मिळेनात. महारपुऱ्यातही ताप आला, पण दोन-चार घरी, आणि निघूनही गेला. मालगुजाराची नात वारली. ढेकूण मरते का म्हणून विचारणारी तीच. तिला सेवाग्रामला न्यायचं म्हणून बैलांची दमणी जुंपली होती, ती वाटेतूनच परत आली. पथक आजूबाजूच्या गावांत फिरत होतं आणि मी रात्री आत्याकडेच उतरायचो, तिच्या ओसरीवर मला हे कळलं. खरं सांगतो, आधी वाईट वाटलं, आणि लगेच मागोमाग स्वतःपुरती भीती वाटली. आता हे आपल्यावर येणार, हे मला त्याच क्षणी कळलं.

तसंच झालं. पारावर हिशेब सुरू झाला. गावात ताप, महारपुऱ्यात ताप नाही. मग औषध गेलं कुठं? बादली कोणाच्या हातात होती? तिसऱ्या दिवशी तक्रार वर गेली आणि नागपूरहून मोठे डॉक्टर चौकशीला येणार असा निरोप आला.

दुपारी इन्स्पेक्टरनं मला शाळेत बोलावलं. खोलीत तो एकटाच. दार लावून घेतलं. समोर एक कागद ठेवला, लिहून तयार. मी वाचला. मी पूड चोरली, ती माझ्या जातीच्या लोकांच्या घरी वापरली, गावातल्या घरांत नुसतं पाणी फवारलं, आणि हे मी कबूल करतो.

"सही कर," तो म्हणाला.

"साहेब, हे खोटं हाय. म्या तुमाले सांगतलं होतं, भिती लिपल्या म्हून."

"मला कोणी काही सांगितलं नाही." तो आवाज चढवत नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "हे बघ, सही केलीस तर नोकरी जाईल. एवढंच. पोलिसात देणार नाही. गावही शांत होईल. नाही केलीस, तर तुझ्या आत्याच्या घराचं काय होईल ते मला विचारू नकोस. परवा डॉक्टरसाहेब येतील. तोवर विचार कर."

मी बाहेर आलो. तडक आत्याच्या घरी गेलो.

ते दोन दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. महारपुऱ्याच्या तोंडाशी रपट्यावर, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, सात-आठ जण येऊन बसायला लागले. हातात काठ्या. बोलत काही नव्हते, नुसते बसत होते. किराणावाल्यानं आत्याला मीठ दिलं नाही. पुऱ्यातल्या बाया कामाला गेल्या, त्यांना बांधावरूनच परत पाठवलं. आत्यानं भांडी पोत्यात भरली, परत काढली, परत भरली.

संध्याकाळी पुऱ्यातले चार म्हातारे आले. मला वाटलं धीर द्यायला आले. त्यांतला एक म्हणाला, "करून टाक सही. तू नालवाडीले निघून जाशीन. आमाले इथंच राहाचं हाय."

मी आत्याकडे पाहिलं. ती खाली बघत म्हणाली, "त्याइचं खरं हाय, बापा. तुह्यासाठी घर जळालं त मी कुठं जाऊ?"

 तिच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी शामरावकडे गेलो. अंगणाच्या कडेला उभा राहिलो. तो ओसरीवर बसला होता.

"दादा, आत तुमीच गेलते. औषध होतं का पानी, तुमाले ठाव हाय. डाक्टरले एवढं सांगजा."

"मले दोन पोरी हायेत लग्नाच्या," तो म्हणाला. "गावानं वाळीत टाकलं त कोन करीन त्याइले? मले यात नको ओढू."

बोलताना त्याच्या मागच्या भिंतीकडे माझं लक्ष गेलं. खुंटीखाली लिपणाचा एक पोपडा सुटला होता आणि खाली पांढरं दिसत होतं. शामरावच्या बायकोनंही भिंत लिपली होती. नवरा माझ्या बादलीतलं औषध मारतो, म्हणून तिनं सगळ्यांच्या आधी लिपली असणार. मी पांढऱ्याकडे बघतोय हे शामरावच्या ध्यानात आलं. तो जरा सरकला आणि पाठ बरोबर त्या जागेवर टेकवून बसला.  मी परत आलो.

डॉक्टर जीपमधून आले. मालगुजाराच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. गाव जमलं. मी अंगणाबाहेर निंबाखाली उभा. इन्स्पेक्टरनं कार्डं दाखवली, तक्रार वाचली आणि मग म्हणाला, "कामगारानं माझ्यापाशी तोंडी कबूल केलंय. सही तेवढी राहिलीय."

डॉक्टरांनी मला पुढं बोलावलं. चष्म्यातून पाहिलं. "का केली नाहीस सही?"

  मागं कोणीतरी खाकरलं आणि मला रपट्यावरच्या काठ्या आठवल्या. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा एवढंच बोललो, "साहेब, भित खरडून पाहा."

"कोणती भिंत?"

"आतली. कोनतीबी. औषध खाली हाय, लिपनाच्या आत."

मालगुजार म्हणाला, "डाक्टरसायबांनी खुशाल आत जावं. घर तुमचंच हाय."

डॉक्टर आत गेले, इन्स्पेक्टर मागोमाग. थोड्या वेळानं परत आले. डॉक्टर हात झटकत होते. "भिंत चांगली घट्ट आहे. दोन ठिकाणी पाहिलं. काही दिसत नाही."

इन्स्पेक्टरनं कुठं खरडायला दाखवलं असेल, ते मला कळलं. माजघराच्या मधल्या भिंतीवर शामरावनं शेवटी शेवटी उरलेलं, पातळ झालेलं औषध मारलं होतं. औषध भरपूर बसलं होतं ते देवघराच्या चौकटीपाशी. नळीचा जोर तिथंच जास्त होता. दांडा मी मारत होतो, आणि कोणती खोली चाललीय ते शामराव आतून ओरडून सांगत होता.

"मी दाखवतो," मी म्हणालो.

"तू तिथूनच सांग," मालगुजार म्हणाला.

तिथून काय सांगणार? ज्या घरात कधी पाय टाकला नाही, तिथली खोली बोटानं कशी दाखवू?  सगळ्यांना समजलं होतं की मला वाचायचं असेल तर आत जावं लागेल, आणि आत गेलो तर मी वाचणार नाही. मला लघवीला लागली होती.  मी पहिली पायरी चढलो. दुसरी चढलो. कोणीतरी मागून सदरा धरला. "हात काढ," डॉक्टर म्हणाले, मला नव्हे, धरणाऱ्याला. सदरा फाटला. मी उंबरा ओलांडला.

आत अंधार होता आणि गारवा. शेणाचा वास. देवापुढचा दिवा दिसला त्या चौकटीपाशी जाऊन मी नखांनी खरडायला लागलो. माती निघाली, आणखी माती निघाली. मग एक सबंध पोपडा खाली पडला. त्याच्या खाली पांढरी भिंत. डॉक्टरांनी त्यावर नख ओढलं, नाकाशी नेलं आणि इन्स्पेक्टरकडे पाहिलं. मी शेजारी खरडलं, तिथंही पांढरं. खाली भिंतीला लागून एक लहान, पोरीच्या मापाची बाज उभी करून ठेवली होती.

मालकीण स्वयंपाकघराच्या दारात होती. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिली, मग त्या बाजेकडे, आणि भिंतीला धरून खाली बसली. तिला काय कळलं ते मला कळलं. मला बरं वाटलं नाही. तिची कीवही आली नाही. आजही येत नाही, हे लिहून टाकतो.

डॉक्टर शाळेत जाऊन अहवाल लिहायला बसले. मला बोलावलं. बाहेर गाव उभंच होतं. डॉक्टर चांगला माणूस होता, हे मी मान्य करतो. त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं. मग वाचून दाखवलं. "फवारणीनंतर घरमालकांनी भिंती लिपल्यामुळे औषधाचा थर झाकला गेला. कामगारानं चोरी केल्याचं आढळलं नाही." खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

"तुझी नोकरी राहील," ते म्हणाले. "कर सही."

केवढा मोठा शब्द होता तो. नोकरी राहील. चोर नाही म्हणून सरकारी कागदावर लिहिलं गेलं. आत्याचं घर वाचलं. मी टाक हातात घेतला. आणि टाक शाईत बुडवता बुडवता थांबलो.

"साहेब, काऊन लिपलं ते नाई लिवलं याच्यात."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "त्याची गरज नाही."

"इन्स्पेक्टरसाहेबाले म्या सांगतलं होतं, तेबी नाई."

"हे बघ," ते हळू बोलायला लागले. "ते लिहिलं की हे प्रकरण मलेरियाचं राहत नाही. पोलिसाचं होतं. अस्पृश्यतेचा कायदा नवीन आहे. खटला होईल, गाव पेटेल. मार कोण खाईल? तुझीच माणसं. मी तुझ्या भल्याचं सांगतो."

ते खोटं बोलत नव्हते. मार आम्हीच खाणार होतो. खिडकीतून मला बाहेरच्या काठ्या दिसत होत्या.

"पुढच्या साली पंप घेऊन कोन येईन, साहेब?"

"पथक येईल."

"बादलीत पूड कालवाले कोन राहीन?"

ते अहवाल पुन्हा वाचायला लागले.

"मंग पुन्हा लिपतीन. पुन्हा पोट्टं मरन. आन पुन्हा कोनी इचारन, औषध कोनं चोरलं." मी टाक तसाच धरून ठेवला. "काऊन लिपलं ते लिवा. मंग सही करतो."

"मी लिहिणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि सही केली नाहीस, तर तुला ठेवणंही माझ्या हातात राहणार नाही."

मी कागद माझ्याकडे ओढला. त्यांच्या ओळींखाली जागा होती. तिथं लिहिलं, "भिंती लिपल्या, कारण औषधाच्या पाण्याला माझा हात लागला होता. मी महार आहे. हे मी इन्स्पेक्टरसाहेबांना तेव्हाच सांगितलं. त्यांनी तरी कार्डावर सही केली." खाली माझं नाव, बापाचं नाव, गाव. सही करताना शाईचे दोन डाग पडले.

डॉक्टरांनी वाचलं. "हा कागद मी फाडू शकतो, तुला माहीत आहे ना?"

"फाडा, साहेब. मी दुसरा लिवतो. वर्ध्याले देतो, नागपूरले देतो. मले लिवता येते."

त्यांनी तो फाडला की ठेवला, मला आजवर समजलेलं नाही. आठ दिवसांत सदरा आणि बिल्ला परत मागितला. त्याच आठवड्यात आत्याच्या घरावर दगड पडले, कौलं फुटली, आणि आत्या माझ्याशी वर्षभर बोलली नाही. इन्स्पेक्टरची बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात, त्याच जागेवर. मी दुसरा अर्ज लिहिला. उत्तर नाही. तिसरा लिहिला. इथं सांगितलं नाही ते गावाचं नाव घालून, घराचं नाव घालून, काय झालं आणि काऊन झालं ते सगळं घालून.

अर्ज अजून चालू आहेत, आणि प्रत्येक अर्ज टपालात टाकताना मी भितो. भ्यालेल्या हातानंच पुढचा लिहितो.